वारसा संस्थेची वेबसाइट हाती आली? वैयक्तिक माहिती आणि कुकीजची घडी अशी बसवा

जुन्या वास्तू, हस्तलिखिते किंवा लोककला जपणाऱ्या धर्मादाय संस्थेत वेबसाइटचे काम बहुधा ‘ज्याला कॉम्प्युटरमधले कळते’ त्याच्या गळ्यात पडते. मग एखाद्या बैठकीत कोणीतरी विचारते, “आपलं प्रायव्हसी पॉलिसीचं पान कुठाय?” आणि दुसऱ्याच संस्थेच्या साइटवरचा मजकूर उचलून, नाव बदलून चिकटवला जातो. फसगत इथून सुरू होते. पानावर लिहिलेले असते, ‘आम्ही तुमची माहिती कोणालाही देत नाही.’ प्रत्यक्षात मुख्यपानावरचा नकाशा, व्हिडिओ आणि भेटींची मोजणी करणारी स्क्रिप्ट प्रत्येक वाचकाचा आयपी पत्ता (इंटरनेटवर त्याच्या जोडणीची ओळख सांगणारा क्रमांक) तिसऱ्याच कंपनीकडे पोहोचवत असते. धोरण नसणे ही उणीव आहेच. पण खोटे धोरण त्याहून महागात पडते, कारण ते संस्थेचे स्वतःचे लेखी विधान असते.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी साइट काय करते ते बघा, नको ते बंद करा, आणि धोरण सगळ्यांत शेवटी लिहा.

कायद्यांबद्दल, कामापुरते

वारसा संस्थांचे देणगीदार आणि अभ्यासक अनेक देशांत विखुरलेले असतात, त्यामुळे एकाहून जास्त कायदे लागू पडू शकतात. युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. युरोपबाहेरची संस्था तिथल्या लोकांना मुद्दाम सेवा देत असेल किंवा त्यांच्या वागण्यावर नजर ठेवत असेल, तर तिलाही तो लागतो. साइट तिथून नुसती उघडते एवढ्याने नाही. कुकीजचा (साइट वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींचा) नियम तिथे वेगळ्या कायद्यात आहे: २००२ चा ई-प्रायव्हसी निर्देश, २००९ मध्ये सुधारलेला. वापरणाऱ्याच्या उपकरणावर काहीही साठवायचे किंवा तिथून वाचायचे तर आधी परवानगी हवी. सेवेसाठी अगदी अपरिहार्य असलेल्या गोष्टींना तेवढी सूट.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. त्यात कुकीजवर स्वतंत्र कलम नाही, पण कुकीतून ओळखता येणाऱ्या माणसाची माहिती गोळा होत असेल तर संमतीचे सगळे नियम आलेच.

हाताशी काय हवे

- साइटच्या अॅडमिनचे आणि होस्टिंगचे लॉगिन
- सगळ्या फॉर्मची यादी (जुने, मेनूतून काढलेले पण अजून चालू असलेलेसुद्धा)
- पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा), ईमेल पाठवणारी सेवा आणि ऑनलाइन शीट यांचे मालक खाते कोणाचे, याची नोंद
- एक रिकामी स्प्रेडशीट
- दोन ब्राउझर, शक्यतो क्रोम आणि फायरफॉक्स
- निर्णय घेऊ शकणारा एक विश्वस्त, कारण ‘हे फील्ड काढून टाकू का?’ हा प्रश्न पुढे वारंवार येणार आहे

## १. माहिती आत कुठून येते ते मांडा

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक फॉर्मला एक ओळ द्या. रकाने: कोणती माहिती मागतो, कशासाठी, कुठे साठते, कोण बघते, कधी पुसायची. ‘कशासाठी’ या रकान्यात समाधानकारक उत्तर लिहिता येत नसेल तर ते फील्ड काढा. सभासदत्वाच्या फॉर्मवर जन्मतारीख हे नेहमीचे उदाहरण. बहुतेक वेळा संस्थेला फक्त अर्जदार सज्ञान आहे का एवढेच हवे असते. त्याला एक टिकची चौकट पुरते.

‘कुठे साठते’ हा रकाना सगळ्यात जास्त वेळ खातो. हेरिटेज वॉकच्या नोंदणीचा एक साधा फॉर्म घ्या. कोणी तो भरला की फॉर्म प्लगइन (साइटला वरून जोडलेला तयार प्रोग्रॅम) ती नोंद वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये ठेवतो. त्याच क्षणी संस्थेच्या इनबॉक्समध्ये ईमेल जातो: दुसरी प्रत. आयोजक नावे शीटमध्ये उतरवतो: तिसरी. शीट छापून वाटाड्याच्या हातात दिली जाते: चौथी. रोजच्या बॅकअपमध्ये पाचवी. वर्षभराने त्या व्यक्तीने ‘माझी माहिती काढा’ म्हटले की डेटाबेसमधली नोंद पुसून आपण मोकळे होतो, आणि बाकीच्या प्रती तशाच राहतात. उपाय सोपा आहे: फॉर्मच्या ईमेलमध्ये तपशील न पाठवता फक्त ‘नवी नोंद आली आहे’ एवढे कळवा, आणि शीट ठेवायचीच असेल तर डेटाबेसमधली साठवण बंद करा. एकच मूळ प्रत ठेवा.

शीटची शेअरिंग सेटिंगही इथेच तपासा. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय निवडलेला असेल तर ती यादी कोणत्याही व्हॉट्सअॅप गटातून फिरू शकते.

ओळखपत्राची किंवा सहीची फाइल अपलोड करायला लावणारा फॉर्म असेल तर विशेष जपा. अनेक प्लगइन अशा फाइली साइटच्या सार्वजनिक अपलोड फोल्डरमध्ये टाकतात. खात्री करायची तर एक चाचणी फाइल चढवा, तिचा पत्ता कॉपी करा आणि लॉगिन नसलेल्या खाजगी विंडोत उघडा. उघडली तर ती जगाला उघडी आहे.

## २. कुकीज स्वतःच्या डोळ्यांनी बघा

ऑनलाइन स्कॅनरवर विसंबू नका. ते सहसा मोजकी पाने बघतात आणि देणगीच्या पानापर्यंत पोहोचत नाहीत.

खाजगी विंडो उघडा, एफ-१२ दाबा. क्रोममध्ये ‘अॅप्लिकेशन’ आणि फायरफॉक्समध्ये ‘स्टोरेज’ या टॅबखाली कुकीजची यादी मिळते. शेजारीच ‘लोकल स्टोरेज’ असते. तेही बघा, कारण युरोपचा नियम फक्त कुकीजपुरता नाही, उपकरणावर साठवलेल्या सगळ्याला लागू आहे. मग ‘नेटवर्क’ टॅब उघडून पान पुन्हा लोड करा आणि तुमच्या डोमेनखेरीज आणखी कुठे विनंत्या जातात ते टिपा.

हे तीनदा करायचे: संमतीच्या पट्टीला (कुकीजची परवानगी विचारणाऱ्या चौकटीला) हात न लावता, ‘नाकारा’ दाबून, आणि ‘स्वीकारा’ दाबून. दर वेळी नवी खाजगी विंडो. मुख्यपान, कार्यक्रमाचे पान, देणगीचे पान आणि व्हिडिओ असलेले एक पान, एवढे तरी तपासा. पहिल्या दोन वेळच्या याद्या जवळपास रिकाम्या असायला हव्यात.

नेहमी सापडणारी मंडळी अशी (स्क्रीनवर नावे रोमन अक्षरांत दिसतील):

- ‘_जीए’: गूगल अॅनालिटिक्सची, मुदत २ वर्षे. क्रोम कोणतीही कुकी ४०० दिवसांपुढे ठेवत नाही आणि सफारी स्क्रिप्टने लावलेल्या कुकीज ७ दिवसांवर आणतो; म्हणून धोरणातली मुदत आणि ब्राउझरमधली मुदत जुळली नाही तरी गोंधळू नका.
- ‘_एफबीपी’: फेसबुक पिक्सेलची (जाहिरातींसाठी माग काढणाऱ्या स्क्रिप्टची), ९० दिवस. जुन्या एखाद्या जाहिरात मोहिमेतून उरलेली सापडते, आणि ती कोणी लावली हे कोणालाच आठवत नसते. सरळ काढा.
- वर्डप्रेसच्या (साइट ज्यावर चालते त्या प्रणालीच्या) लॉगिन कुकीज: साध्या लॉगिनला २ दिवस, ‘मला लक्षात ठेवा’ निवडले तर १४ दिवस. त्या साइट सांभाळणाऱ्यांनाच लागतात, वाचकांना नाही.
- पेमेंट गेटवेच्या कुकीज: फसवणूक रोखण्यासाठी असतात. त्या फक्त देणगीच्या पानावर याव्यात. सगळ्या पानांवर दिसत असतील तर गेटवेची स्क्रिप्ट थीमच्या हेडरमध्ये (प्रत्येक पानाबरोबर लोड होणाऱ्या सामायिक भागात) टाकलेली आहे.

## ३. चाळणी लावा

परवानगीशिवाय चालतात त्या कुकीज थोड्याच: लॉगिन, तिकिटांची कार्ट, फॉर्मची सुरक्षा, वाचकाने स्वतः निवडलेली भाषा, आणि त्याने संमतीबाबत दिलेले उत्तर लक्षात ठेवणारी कुकी. ‘आम्हाला साइट सुधारायची आहे’ हे कारण पटण्यासारखे असले तरी मोजणीच्या कुकीज अपरिहार्य ठरत नाहीत. फ्रान्ससारख्या काही ठिकाणी काटेकोर अटींवर त्यांना सवलत आहे.

इथे एक परखड मत. लहान वारसा संस्थेला वाचकाचा माग काढणाऱ्या मोजणीची गरज क्वचितच असते. वार्षिक अहवालात ‘किती लोकांनी साइट पाहिली, कोणती पाने जास्त वाचली’ एवढेच जाते. ते काम मटोमोसारखे मोजणीचे साधन स्वतःच्या सर्व्हरवर चालवून, कुकी बंद ठेवून करता येते. मोजणीची कुकी गेली की पट्टीतली निम्मी गुंतागुंत जाते. गूगल अॅनालिटिक्स ठेवायचेच असेल तर त्यातली डेटा साठवण २ महिन्यांवर आहे की कोणी १४ केली आहे ते सेटिंगमध्ये पाहून घ्या आणि धोरणात तोच आकडा लिहा.

## ४. बाहेरून जोडलेल्या गोष्टी

व्हिडिओ: यूट्यूबच्या एम्बेडमध्ये (पानात बसवलेल्या व्हिडिओत) ‘प्रायव्हसी-एन्हान्स्ड मोड’ असतो. त्यात व्हिडिओ सुरू करेपर्यंत कुकी लागत नाही, पण यूट्यूबशी संपर्क होतोच आणि लोकल स्टोरेजमध्ये नोंद पडू शकते. त्यापेक्षा स्वतःच्या सर्व्हरवरचे चित्र दाखवा. त्यावर क्लिक केल्यावरच व्हिडिओ लोड होऊ द्या आणि खाली तसे एका ओळीत लिहा.

नकाशा: ‘आमच्यापर्यंत कसे यावे’ या पानाला हलता नकाशा लागतोच असे नाही. स्थिर चित्र आणि नकाशाची लिंक पुरते.

फॉन्ट: हा मुद्दा सहसा नजरेतून सुटतो. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणणाऱ्या एका साइटला वाचकाचा आयपी पत्ता विनापरवानगी पाठवल्याबद्दल १०० युरो भरपाई द्यायला लावली. मुक्ता, बलू यांसारखे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. फाइली उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात.

## ५. संमतीची पट्टी

वरच्या पायऱ्या नीट झाल्या आणि अपरिहार्य नसलेले काहीच उरले नाही, तर पट्टी लागतच नाही. धोरणात माहिती देणे पुरते. उरले असेल तर:

‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’ ही बटणे एकाच पातळीवर, सारख्याच आकाराची हवीत. नाकारण्यासाठी स्वीकारण्यापेक्षा जास्त क्लिक करावे लागतात, याच कारणावरून फ्रान्सच्या नियामकाने डिसेंबर २०२१ च्या निर्णयांत गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला होता. आधीच टिक केलेली चौकट संमती ठरत नाही, हे युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ खटल्यात स्पष्ट केले. कुकीची मुदत आणि ती कोणाला वाचता येते हेही सांगावे लागते, असे त्याच निकालात आहे.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे शोभेची पट्टी. पट्टी दिसते, ‘नाकारा’ दाबता येते, पण मोजणीची स्क्रिप्ट त्याआधीच चाललेली असते. याची तीन कारणे सापडतात:

- स्क्रिप्ट थीमच्या हेडरमध्ये थेट चिकटवलेली असते. पट्टीचे प्लगइन फक्त ओळखीच्या स्क्रिप्ट अडवते, ही त्याला दिसतच नाही.
- टॅग मॅनेजरमध्ये (स्क्रिप्ट एका जागेवरून लावणाऱ्या साधनात) टॅग, म्हणजे ती स्क्रिप्ट, ‘सर्व पाने’ या ट्रिगरवर असतो आणि संमतीचे डीफॉल्ट मूल्य त्याच्यानंतर लोड होते. डीफॉल्ट ‘नाही’ हे सगळ्यात आधी यायला हवे.
- कॅश प्लगइनने (वेगासाठी तयार पाने साठवणाऱ्या प्लगइनने) एका वाचकाने संमती दिलेल्या अवस्थेतले पान साठवून ते सगळ्यांना वाढलेले असते.

गूगलचा ‘कन्सेंट मोड’ (वाचकाच्या उत्तरानुसार गूगलचे टॅग चालवणारी सोय) वापरत असाल तर लक्षात घ्या: त्याच्या ‘अॅडव्हान्स्ड’ प्रकारात वाचकाने नाकारले तरी कुकीशिवायचे सिग्नल जातात. ‘बेसिक’ प्रकारात संमतीआधी टॅग लोडच होत नाही. तोच घ्या.

दिलेली संमती मागे घेणे तेवढेच सोपे हवे. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘कुकी सेटिंग’ची लिंक ठेवा. पुन्हा कधी विचारायचे? फ्रेंच नियामकाने सहा महिने हा चांगला प्रघात म्हटला आहे. दर भेटीला विचारणे म्हणजे वाचकाला दमवून ‘हो’ म्हणायला लावणे.

## ६. देणगी आणि ईमेल वार्तापत्र

कार्डाचा क्रमांक तुमच्या पानावर टाइपच होऊ देऊ नका. देणगीदाराला गेटवेच्या स्वतःच्या पानावर पाठवा.

परत येताना काय होते ते मात्र तपासा. पैसे भरल्यावर उघडणाऱ्या ‘धन्यवाद’ पानाच्या पत्त्यात कधी कधी नाव, ईमेल आणि रक्कम सरळ लिहिलेली असते. तो पत्ता मोजणीच्या साधनाकडे, सर्व्हरच्या लॉगमध्ये आणि ब्राउझरच्या इतिहासात जातो. एका छोट्या रकमेची चाचणी देणगी देऊन पत्त्याची पट्टी वाचा. तिथे फक्त व्यवहार क्रमांक असावा.

कर सवलतीसाठी लागणारा क्रमांक, म्हणजे भारतात ८०जी च्या पावतीसाठी लागणारा पॅन, फक्त ती पावती हवी असणाऱ्यालाच विचारा. सगळ्यांना सक्तीचा करू नका. देणगीदारांची नावे भिंतीवर किंवा साइटवर झळकवायची तर त्याला वेगळी परवानगी घ्या. आणखी एक बारकावा: मंदिर, चर्च किंवा दर्ग्याच्या दुरुस्तीसाठी देणगी दिलेल्यांच्या यादीतून माणसाचा धर्म सूचित होतो. जीडीपीआरमध्ये धर्माविषयीची माहिती विशेष संरक्षणाच्या गटात मोडते.

वार्तापत्राची चौकट वेगळी आणि रिकामी ठेवा. ‘देणगी दिली म्हणजे मेल यायला हरकत नाही’ असे गृहीत धरू नका. कोणी यादीतून बाहेर पडले की त्याचा पत्ता पूर्ण पुसू नका, ‘पाठवू नये’ यादीत टाका. पूर्ण पुसला तर पुढच्या वर्षी कोणीतरी जुनी एक्सेल फाइल चढवतो आणि तोच माणूस परत यादीत येतो. मेल उघडला की नाही हे कळवणारा अदृश्य पिक्सेल बहुतेक सेवांमध्ये आधीपासून चालू असतो. तो बंद करण्याची सोय शोधा.

## ७. संग्रह: इथे वारसा संस्था वेगळी पडते

दुकानाच्या साइटवर नसते अशी माहिती इथे असते: लोकांनी दिलेले जुने फोटो, मौखिक इतिहासाच्या मुलाखती, वंशावळी, वाड्यांच्या मालकांचे पत्ते.

फोटोपासून सुरुवात करा. मोबाइलने काढलेल्या चित्रात एक्झिफ माहिती (फाइलमध्येच दडलेला तपशील) असते आणि जीपीएस चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही. ‘तुमच्या घरातली जुनी वस्तू आम्हाला दाखवा’ अशा उपक्रमात आलेला फोटो तसाच चढवला तर मौल्यवान मूर्ती कोणत्या घरात आहे हे जगजाहीर होते. वर्डप्रेस लहान आकाराच्या प्रती बनवतो, पण मूळ फाइलही सर्व्हरवर ठेवतो आणि तिच्यात सगळे शाबूत असते. संग्रहाच्या दृष्टीने जागेची नोंद मोलाची आहे, म्हणून ती नष्ट करू नका. दोन फोल्डर करा: ‘मूळ’ (साइटबाहेर, मोजक्या लोकांना उघडणारे) आणि ‘जाहीर’ (एक्झिफटूलसारख्या साधनाने जीपीएसचे टॅग पुसलेले). चढवल्यावर साइटवरून एक चित्र परत उतरवून टॅग बघा.

मुलाखतींसाठी एकाच सहीत सगळे उरकू नका. तीन परवानग्या वेगळ्या घ्या: ध्वनिमुद्रण करणे, संग्रहात ठेवणे, वेबसाइटवर प्रसिद्ध करणे. संग्रहात अभ्यासकांपुढे बोलणे कबूल असलेला माणूस इंटरनेटवर यायला तयार असेलच असे नाही. शिवाय बोलणारा शेजाऱ्याच्या आजाराबद्दल, भावकीतल्या जमिनीच्या भांडणाबद्दलही बोलतो. त्या तिसऱ्या माणसाने काहीच कबूल केलेले नसते. ऐकताना अशा जागांची मिनिटे-सेकंद लिहून ठेवा आणि जाहीर प्रतीतून तेवढा भाग वगळा.

जीडीपीआर मृत व्यक्तींच्या माहितीला लागू होत नाही, आणि सार्वजनिक हितासाठी जपलेल्या संग्रहाला पुसण्याच्या हक्कातून काही अटींवर सूट आहे. भारतीय कायद्यातही संशोधन आणि अभिलेख जतनासाठी सशर्त सवलत आहे. पण या सवलतीच्या आडोशाने देणगीदारांची दहा वर्षांपूर्वीची यादी ‘आमचा इतिहास’ म्हणून ठेवता येत नाही. संग्रह वेगळा, कार्यालयीन माहिती वेगळी.

हयात व्यक्तीने नाव काढायला सांगितले आणि नोंद पूर्ण हटवणे योग्य वाटत नसेल, तर मधला मार्ग आहे: पान ठेवा, पण ‘नोइंडेक्स’ टॅग लावून शोधयंत्रांतून काढा. त्याच वेळी रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांनी कोणती पाने वाचू नयेत हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) ते पान अडवू नका. अडवले तर शोधयंत्राला टॅग वाचताच येत नाही आणि पत्ता निकालांत रेंगाळत राहतो.

## ८. मुलांचे उपक्रम

चित्रकला स्पर्धा, प्रश्नमंजूषा, शालेय सहली. भारतीय कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांचा माग काढण्याला बंदी आहे; युरोपात ऑनलाइन सेवांसाठी ही मर्यादा १६ आहे, देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. सोपा रस्ता: नोंदणी पालक किंवा शिक्षक यांच्या नावाने घ्या, मुलाचे पहिले नाव आणि इयत्ता एवढेच मागा, आणि त्या पानांवर कोणतीही मोजणी ठेवू नका.

## ९. किती काळ ठेवायचे

देणगीच्या नोंदी करकायदा सांगेल तितक्या. बाकीच्यांसाठी सुरुवातीला या मुदती चालतील: संपर्क फॉर्मची चौकशी १२ महिने, कार्यक्रमाची नोंदणी कार्यक्रमानंतर ३ महिने, न निवडलेले स्वयंसेवक अर्ज ६ महिने, सर्व्हर लॉग ३० दिवस. बॅकअप किती दिवसांनी फिरतात तेही लिहा, म्हणजे ‘पुसले’ म्हणताना बॅकअपमधून कधी जाईल ते सांगता येईल. भारतीय नियमांत लॉग किमान वर्षभर ठेवण्याची तरतूद आहे. ती लागू होत असेल तर ३० दिवसांचा आकडा बदला.

मुदत कागदावर राहते कारण पुसण्याचे काम कोणाचेच नसते. कॅलेंडरमध्ये तिमाही नोंद टाका आणि एका माणसाचे नाव लिहा. त्याच दिवशी संस्था सोडून गेलेल्यांची अॅडमिन खाती बंद करा.

## १०. आता धोरण लिहा

स्प्रेडशीट समोर ठेवून साध्या मराठीत लिहा: संस्था कोण, संपर्क कोणाशी, कोणत्या फॉर्ममधून काय घेतो आणि का, ते कोणाकोणाकडे जाते (गेटवे, मेल सेवा, होस्टिंग यांची नावे घेऊन), किती काळ राहते, वाचकाला काय मागता येते, तक्रार कुठे करायची. कुकीजचा तक्ता वेगळा: नाव, कोणाची, कशासाठी, मुदत. वर शेवटच्या बदलाची तारीख. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जखाली ‘प्रायव्हसी’ विभागात नमुना मिळतो. तो सांगाडा म्हणून ठीक, पण त्यातली तुम्हाला लागू नसलेली प्रत्येक ओळ काढा. ‘इत्यादी कारणांसाठी’ असे कुठेही लिहू नका.

नवे प्लगइन घातले की पायरी २ पुन्हा करायची.

## ११. विनंती आली किंवा माहिती फुटली तर

‘माझी माहिती दाखवा’ या विनंतीला जीडीपीआरमध्ये साधारण एक महिना मिळतो. वर्डप्रेसच्या टूल्समध्ये वैयक्तिक माहिती निर्यात करण्याची आणि पुसण्याची सोय २०१८ पासून आहे, पण ती फक्त वर्डप्रेसला आणि त्याच्याशी नीट जोडलेल्या प्लगइनना माहीत असलेलेच शोधते. शीट आणि इनबॉक्स हाताने शोधावे लागतात. ओळख पटवण्यासाठी नवे ओळखपत्र मागू नका. नोंदवलेल्या ईमेलवर उत्तर घ्या.

माहिती फुटण्याचा सगळ्यात साधा प्रकार हॅकिंगचा नसतो: तीनशे सभासदांना मेल जातो आणि सगळे पत्ते ‘बीसीसी’ऐवजी ‘टू’मध्ये असतात. जीडीपीआरनुसार धोका असेल तर नियामकाला ७२ तासांत कळवायचे; भारतीय नियमांत डेटा संरक्षण मंडळाला आणि बाधित व्यक्तींना विनाविलंब, आणि सविस्तर तपशील मंडळाला ७२ तासांत. पहिल्या तासात करायचे ते असे: गळती थांबवा (शीटची लिंक बंद, पासवर्ड बदल), पुरावा म्हणून लॉग आणि मेलची प्रत जपा, काय फुटले आणि किती जणांचे ते वेळेसह लिहा, जबाबदार विश्वस्ताला फोन करा. ज्यांची माहिती गेली त्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा आत्ताच लिहून ठेवा. त्यात काय झाले, कोणती माहिती गेली, त्यांनी काय काळजी घ्यावी आणि कोणाशी बोलावे, या चार गोष्टींसाठी मोकळी जागा सोडा.